तिसऱ्या सेटची पंचवीस मिनिटं

कॉलेजच्या मैदानाला लागून एक लांबट खोली आहे. दाराला दोन कुलपं, खिडकीला जाळी, आणि आत पाऊल टाकलं की रबराचा, दमट कॅनव्हासचा आणि जुन्या बुटांचा मिळून एक वास. क्रीडा विभागाचं हे स्टोअर. चावीमावशी तिथे तीन महिन्यांच्या बदलीवर आल्या होत्या, आणि बावीस वर्षं झाली तरी ते तीन महिने संपले नव्हते. कमरेला चाव्यांचा एवढा जुडगा, की मावशी कुठे आहेत हे कुणाला विचारावं लागत नसे. मुली म्हणायच्या, मावशींना चोरी काही जमायची नाही, त्यांच्याआधी चाव्याच जाऊन कबुली देतील.

मावशी हाडाच्या काळजीखोर. बॉलमध्ये हवा कमी असली तरी काळजी, जास्त झाली तरी काळजी. संघ बाहेरगावी खेळायला निघाला की आदल्या दिवसापासून त्यांची मोजदाद सुरू. बसमध्ये चढताना मुली मोजायच्या, उतरताना मोजायच्या, चहाला थांबलं तरी मोजायच्या. ड्रायव्हरकाका विचारायचे, "काय मावशी, वाढल्या का एखाद-दोन?" मावशी हसायच्या आणि हसता हसता पुन्हा एकदा मोजून घ्यायच्या.

त्यांना मूलबाळ नव्हतं. लग्न दोन वर्षांत मोडलं, त्याविषयी त्या बोलत नसत आणि लोकही आता विसरून गेले होते. धाकट्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायच्या. भाऊ कागदाच्या गिरणीत कामाला होता. तशी अर्ध्या गावाची चूल गिरणीवरच पेटायची. कुणाचा बाप, कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा, घरटी एक माणूस तरी तीनपैकी एका पाळीत असायचंच.

त्या वर्षी कॉलेजच्या मुलींचा व्हॉलीबॉल संघ पहिल्यांदाच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला. गावाला अशा यशाची सवय नव्हती. न्हाव्याच्या दुकानातही माणसं सर्व्हिस आणि स्मॅशच्या गोष्टी करायला लागली. ज्यांनी जन्मात नेट पाहिलं नव्हतं, तेही सरांना वाटेत अडवून सल्ले देऊ लागले. सर म्हणजे संघाचे प्रशिक्षक. पंधरा वर्षं एकाच कपामागे लागलेला, मिशा त्याच नादात पांढऱ्या झालेला सज्जन माणूस.

संघाचा सगळा खेळ फिरायचा तो चिमणीभोवती. सगळ्यांत बुटकी म्हणून ती चिमणी, पण नेटजवळ बॉल उचलून दुसरीच्या हाताला अचूक द्यायचं काम तिचं. ती कुणाला बॉल देणार हे समोरच्यांना तर सोडाच, कधीकधी आपल्याच मुलींनाही कळायचं नाही. तिचे बाबा गिरणीत वाफेच्या विभागात. पहिली पाळी संपली की सायकल दामटत ते सरळ मैदानावर यायचे आणि भिंतीपलीकडे उभे राहायचे. बॉल भिंतीवरून उडाला की परत आत फेकायचे. सात वर्षं, पोरगी शाळेत असताना या मैदानावर यायला लागली तेव्हापासून, हेच. संध्याकाळी बॉल मोजताना ते मावशींना म्हणायचे, "नीट मोजा हं, एखादा मी घरी नेला असेल." मावशी म्हणायच्या, "तुमच्या सायकलच्या पिशवीत बघितल्याशिवाय मी काही कुलूप लावत नाही."

अंतिम सामन्याला त्यांना रजा मिळाली नाही. आदल्या दिवशी बस निघाली तेव्हा ते खिडकीपाशी आले. पोरीशी काही बोलले नाहीत. मावशींना म्हणाले, "सामन्याच्या दिवशी ही काही खात नाही. एक केळं तरी पोटात जाऊ द्या."

"जाईल. मी बघते."

"आणि संपलं की लगेच फोन करा. हरल्या तरी करा."

सामना सकाळी दहाला सुरू झाला. परक्या गावातलं बंदिस्त स्टेडियम, उंच छत, लाकडी फरशीवर बुटांचा चर्रचर्र आवाज. सरांचा नियम असा, की सामन्याच्या दिवशी मुलींचे फोन मावशींकडे. एका कापडी पिशवीत बारा फोन घालून मावशी बाकाच्या टोकाला बसल्या. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर.

पहिला सेट मुली हरल्या. दुसऱ्या सेटमध्ये चिमणीला सूर सापडला आणि तो त्यांनी आरामात जिंकला. त्याच सेटच्या शेवटाला मांडीवरची पिशवी एकदा थरथरली. कुणाची तरी आई असेल, मावशींनी मनाशी म्हटलं. मग पुन्हा थरथरली. मग थांबेचना. एक बंद झाला की दुसरा, दोन एकदम, तीन एकदम. मांडीवर मधमाश्यांचं पोळं ठेवल्यासारखं झालं. मावशींनी पिशवीचं तोंड घट्ट आवळलं. जणू आवळलं की आतलं बाहेर येणार नव्हतं.

मग त्यांचा स्वतःचा फोन वाजला. भाऊ होता.

मावशी उठून भिंतीकडे गेल्या. "हॅलो. तू बरा आहेस ना?"

"मी बरा आहे ताई. मी दुसऱ्या पाळीला ना, घरीच होतो. ऐक. गिरणीत वाफेची मोठी नळी फुटली. तासभर झाला. मी दवाखान्यात आलोय."

भाऊ बरा आहे हे ऐकून मावशींनी सुटकेचा श्वास सोडला, आणि पुढच्याच क्षणी त्या सोडलेल्या श्वासाची त्यांना लाज वाटली.

"कोण कोण?"

"चार जण भाजलेत. त्यातला एक गेला. नवीन लागलेला पोरगा होता, वर्षभरही झालं नव्हतं. दोघं वाचतील म्हणतात. चौथे चिमणीचे बाबा. बरेच भाजलेत. पण बोलतायत. मी आत्ता त्यांच्याजवळूनच आलो. सामन्याचं विचारत होते."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर काही म्हणत नाहीत, ताई. त्यावरून काय ते समज."

मावशी परत बाकाकडे आल्या. सर पाण्याची बाटली घेऊन उभे होते. मावशींचा चेहरा पाहिला आणि ते बाजूला आले.

"तुम्हालाही कळलं," ते हळू आवाजात म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पाच मिनिटांपूर्वी प्राचार्यांचा फोन आला. ते म्हणाले, सामना होईपर्यंत मुलींना काही कळू देऊ नका."

"सर, तो बाप बोलतोय अजून."

"मावशी, इथून दवाखाना अडीच तासांवर. आत्ता सांगून ती उडून जाणार आहे का? फार तर तास-सव्वा तासाचा प्रश्न आहे. तिच्या बाबांना विचारलं असतं तर तेही म्हणाले असते, खेळू दे." सरांनी हातातल्या बाटलीचं झाकण उघडून पुन्हा लावलं. ते काही दगड नव्हते. "मला काय बरं वाटतंय का?"

शिट्टी वाजली. मुली कोर्टवर गेल्या. चिमणीने जाता जाता मागे वळून मावशींना अंगठा दाखवला. मावशींनी मान हलवली आणि खाली बसल्या.

त्या तिसऱ्या सेटमध्ये काय झालं ते मावशींना आजही सांगता येत नाही. लोक सांगतात की चिमणी आयुष्यात तशी कधी खेळली नव्हती. मावशींना आठवतं ते समोरच्या भिंतीवरचं घड्याळ. अकरा. अकरा पाच. अकरा नऊ. सर म्हणतात ते खरंच असेल, त्या स्वतःला समजावत होत्या. सर शिकलेले आहेत, प्राचार्य शिकलेले आहेत, आपण स्टोअरची कुलपं सांभाळणारी बाई, आपण कोण मध्ये तोंड घालणार. बाराच्या बारा मुली हे एकच वर्ष धरून बसल्यात. आणि मग काटा पुढे सरकला की सगळं समजावणं मागे पडायचं.

मावशी एकोणीस वर्षांच्या असताना त्यांची परीक्षा चालू होती. मामाच्या घरी राहून परीक्षा देत होत्या. आई आजारी होती, पण तशी ती कायमच असायची. शेवटचा पेपर देऊन बाहेर आल्या तर मामा फाटकाशी उभा. म्हणाला, चल, घरी जायचंय. घरी पोचल्या तेव्हा सगळं आटोपून चोवीस तास झाले होते. आईची खोली झाडून-पुसून रिकामी केलेली. निरोप आदल्याच दिवशी आला होता, पण थोरल्यांनी बसून ठरवलं, की पोरीचा पेपर बुडायला नको. कुणाच्या मनात पाप नव्हतं. सगळ्यांनी तिच्या भल्याचंच बघितलं. पुढे निकाल लागला तेव्हा मामा कौतुकाने म्हणाला, बघ, पास झालीस की नाही. मावशी त्या मामाशी शेवटपर्यंत नीट वागल्या, पण त्याच्या घरी पुन्हा कधी मुक्कामाला राहिल्या नाहीत.

अकरा पंचवीसला सेट संपला. पंचवीस-एकवीस. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आता एकच सेट हवा होता.

मावशी उठल्या. पिशवी खांद्याला लावली आणि थेट मुलींच्या घोळक्यात शिरल्या. सरांनी ते पाहिलं. "मावशी," एवढंच ते म्हणाले. मावशींनी ऐकलं न ऐकलंसं केलं. चिमणीचा हात धरून तिला बाकामागे नेलं. पोरगी घामाने निथळत होती आणि हसत होती.

"ऐक. मी जे सांगते ते नीट ऐक. गिरणीत अपघात झालाय. तुझे बाबा भाजलेत. बरेच भाजलेत. दवाखान्यात आहेत, शुद्धीवर आहेत, बोलतायत. याहून जास्त मला माहीत नाही."

चिमणीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, कसं काढायचं ते विसरल्यासारखं.

"आत्ता निघायचं असेल तर मी तुझ्याबरोबर येते. थांबून खेळायचं असेल तर खेळ, कुणी तुला नावं ठेवणार नाही. दोन्हीतलं काय ते तू सांग."

चिमणीने कोर्टकडे एकदाही पाहिलं नाही. "चला," ती म्हणाली.

सर मध्ये आले नाहीत. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, चिमणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा बाळा." मग वळून बाकाच्या टोकाला बसलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीला बोलावलं. ती फारशी बोलत नसे म्हणून तिचं नाव मुकी पडलं होतं. वर्षभर तिने चिमणीची बदली म्हणून फक्त टाळ्या वाजवल्या होत्या. तिचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला.

ड्रायव्हरकाकांनी लगेच बस काढली. बत्तीस जणांच्या बसमध्ये दोघीच. बाकीच्या सीटवर मुलींच्या बॅगा, कुणाचा टॉवेल, कुणाचा कंगवा. चिमणी गुडघ्याचे पॅड तसेच ठेवून खिडकीशी बसली. बस गावाबाहेर पडली आणि मावशींच्या खांद्यावरची पिशवी वाजायला लागली. बाराच्या बारा फोन त्यांच्याबरोबर आले होते.

तिकडे अकरा मुली बिनफोनच्या, आणि इकडे अकरा घरं जीव टांगणीला लावून बसलेली. गावात अपघाताची बातमी पसरली होती आणि प्रत्येक आईला आपल्या पोरीचा आवाज ऐकायचा होता. मावशी एकेक फोन काढून उचलू लागल्या.

"हॅलो. नाही, मी मावशी. ती बरी आहे. खेळतेय. हो, तिला अजून माहीत नाही. सर सांगतील. तुमच्या घरचे सगळे बरे आहेत ना? मग झालं."

सात-आठ वेळा त्यांनी हेच सांगितलं. मग चिमणीचा फोन वाजला. मावशींनी तो न उचलता तिच्या हातात दिला. तिची आई होती. चिमणी नुसती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आई, त्यांना झोपू देऊ नकोस. मी येतेय म्हणून सांग." फोन ठेवून ती मावशींना म्हणाली, "बाबा बोलतायत. आई म्हणते, बोलतायत."

"देव करो," मावशी म्हणाल्या, आणि ड्रायव्हरकाकांकडे गेल्या. "जरा रेटा की."

"मावशी, याहून रेटली तर आपल्यालाही तिथेच भरती करतील."

बारा वीसला सरांचा फोन आला. मावशींनी कानाला लावला. पलीकडे गोंगाट होता आणि सर रडत होते.

"मावशी, जिंकलो. पंधरा-तेरा. पाचव्या सेटला."

"बरं, सर," मावशी म्हणाल्या.

"मुलींना आत्ता सांगितलं मी. सगळ्या फरशीवर बसल्यात. तिचे बाबा कसे आहेत?"

"बोलतायत. आम्ही वाटेत आहोत."

फोन ठेवला आणि मावशी तशाच उभ्या राहिल्या. पंधरा वर्षांनी आलेली बातमी हातात होती, आणि ती ठेवायला बसमध्ये कुठे जागा नव्हती. चिमणी त्यांच्याकडे बघत होती.

"काय झालं?"

मावशी सीटला धरून तिच्याकडे आल्या. "जिंकलात."

"किती?"

"पाचवा सेट पंधरा-तेरा."

"म्हणजे चौथा गेला." चिमणीने गुडघ्याचा पॅड ओढून सारखा केला. "मुकीला उलट्या बाजूला बॉल उचलून देता येत नाही. मी तिला शिकवणार होते, राहूनच गेलं." एवढं म्हणाली आणि मग तिचा बांध फुटला. मावशी तिच्या शेजारी बसल्या. पोरीने केळं खाल्लंच नव्हतं, हे त्यांना तेव्हा आठवलं, आणि या क्षणी आपल्याला हे काय सुचतंय म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला.

दवाखान्याच्या फाटकाशी पोचायला दोन वाजून पाच मिनिटं झाली. बाहेर दोनशे माणसं तरी असतील आणि कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं. पहिल्या पाळीचे कामगार तसेच आले होते, कुणाच्या अंगावर कागदाचा पांढरा भुसा. चिमणीला ट्रॅकसूटमध्ये पाहिल्यावर गर्दी आपोआप दुभंगली. भाऊ पायऱ्यांवर उभा होता. त्याने चिमणीला आत पाठवलं आणि मावशींचा दंड धरला.

"आताच झोपेचं इंजेक्शन दिलं. दुखणं सहन होईना. पावणेदोनपर्यंत बोलत होते, ताई. सारखं विचारत होते, पोचली का, पोचली का."

"पावणेदोनपर्यंत," मावशी म्हणाल्या.

हिशेब करायला त्यांना कागद लागला नाही. अकराला सांगितलं असतं तर पंचवीस मिनिटं आधी निघालो असतो. एक चाळीसला पोचलो असतो. पाच मिनिटं मिळाली असती. बापलेकीला पाच मिनिटं खूप झाली असती.

चिमणी बाबांजवळ बसून राहिली. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तिने सांगितलं, की आपण जिंकलो. दोनदा सांगितलं. त्यांना ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. आई म्हणते, पापण्या हलल्या. संध्याकाळी सव्वापाचला ते गेले.

साडेसहाला संघ दुसऱ्या बसने गावात आला. चौकात स्वागतासाठी बांधलेला फलक दुपारीच कुणीतरी उतरवून ठेवला होता. दुकानांची शटर खाली होती. तरी चौकात माणसं उभी होती, सकाळी ठरलं होतं त्याहून जास्तच. मुली खाली उतरल्या. कप कॅप्टनच्या हातात होता, एका जर्सीत गुंडाळलेला. काय करावं ते कुणालाच कळेना. टाळ्या वाजवायच्या की मान खाली घालायची. शेवटी गिरणीतला एक म्हातारा फोरमन पुढे आला. त्याने कॅप्टनच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला, "चांगलं खेळलात पोरींनो. तो असता तर नाचला असता. जा आता घरी, आया वाट बघतायत." मुकी तिथेच रस्त्याच्या कडेला बसली आणि तिला उचलून न्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी गिरणी बंद, कॉलेज बंद. दोघांनाही निरोप द्यायला सगळं गाव लोटलं. आधी त्या नवीन लागलेल्या पोराला. त्याची आई हातात त्याचा डबा घट्ट धरून होती. मग चिमणीच्या बाबांना. चिमणी आईपाशी होती, बाकीच्या अकरा मुली रांगेत उभ्या होत्या. मावशींनी सवयीने त्या मोजल्या.

त्यानंतर मावशींची झोप उडाली. भाऊ म्हणायचा, "तू होतीस म्हणून ती निदान दोनला तरी पोचली. सरांचं ऐकलं असतंस तर तीन वाजले असते." लोकही तेच म्हणायचे. कॉलेजात मावशींची वाहवा झाली. प्राचार्यांनी स्वतः बोलावून सांगितलं, की माझं चुकलं, तुम्ही बरोबर केलंत. प्रत्येक शाबासकी मावशींना चटक्यासारखी लागायची. कारण भाऊ आणि सर सोडले तर कुणालाच ठाऊक नव्हतं, की बातमी त्यांना अकराच्या आधीच कळली होती. चिमणीला वाटत होतं, मावशींना कळलं आणि त्या तशाच उठून आल्या.

त्या दर दोन-चार दिवसांनी चिमणीच्या घरी जायच्या. आईजवळ बसायच्या, भाजी निवडू लागायच्या, आणि तोंडाशी आलेलं गिळून परत यायच्या. रस्त्याने स्वतःशी भांडण चालायचं. सांगून पोरीला काय मिळणार? तिचं दुःख तेवढं दुप्पट होणार. नाही सांगितलं, तर मामात आणि आपल्यात फरक काय? तिच्या भल्यासाठी म्हणूनच तर त्यानेही दडवलं होतं. खरं सांगायचं ते तिच्यासाठी, की आपलं मन हलकं व्हावं म्हणून?

महिन्याने चिमणी कॉलेजात यायला लागली. एका दुपारी स्टोअरच्या दारात आली आणि म्हणाली, "मावशी, थोडा वेळ बसू का इथे? वर्गात सगळे माझ्याकडे बघत असतात."

"बस की."

ती गाद्यांच्या ढिगावर बसली. मावशी फाटलेलं नेट विणत होत्या. त्यांचे हात थांबले.

"मला तुला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "मला तिसऱ्या सेटच्या आधीच कळलं होतं. भावाचा फोन आला होता. मी तो सेट होऊ दिला. मग तुला सांगितलं. पंचवीस मिनिटं मी गप्प बसले."

मावशींना समजलं, की पोरगी आता तोच हिशेब करतेय. आणि तो करायला तिलाही कागद लागला नाही.

"पावणेदोन," चिमणी म्हणाली.

"हो."

"सरांनी थांबवलं तुम्हाला?"

मावशींना हो म्हणता आलं असतं. "सर बोलले. पण पाय माझे होते. मी उठले नाही."

"मग हे आता कशाला सांगितलंत मला?" चिमणीचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मावशींना जास्त लागलं. "मी रोज रात्री म्हणायचे, निदान जेवढ्या लवकर पोचता येत होतं तेवढ्या लवकर पोचलो. तेवढंच होतं माझ्याकडे. तेही घेतलंत."

ती उठून गेली. मावशींनी हाक मारली नाही. नेट मांडीवर पडून राहिलं.

दोन महिने चिमणी स्टोअरकडे फिरकली नाही. सरावाला यायची, पण बॉल आणायला दुसरीला पाठवायची. मुलींना वाटायचं, तिला बाबांची आठवण येत असेल, कारण संध्याकाळी बॉल भिंतीपलीकडे गेला की आता कुणाला तरी धावत जाऊन आणावा लागायचा. मावशी खिडकीच्या जाळीतून बघायच्या. पोरगी जेवते का, बारीक झालीय का, पायाला पट्टी कसली बांधलीय. विचारायला मात्र तोंड नव्हतं.

एक दिवस मुकीचं बोट मुरगळलं आणि चिमणीच तिला घेऊन धावत आली. मावशींनी बर्फ काढला, बोट बांधलं. मुकी कण्हत होती, चिमणी तिला रागे भरत होती, की बॉल असा घेतात का, किती वेळा सांगितलं. जाताना ती दारात थांबली.

"मावशी, नेट मधून ढिलं झालंय. उद्या बघाल का?"

"आजच बघते."

"मी धरते एक टोक."

दोघींनी मिळून नेट ताणलं. मैदान रिकामं होतं. बोलणं झालं ते गाठींचं आणि दोरीचं. पलीकडे भिंत होती आणि दोघींपैकी कुणीच तिकडे पाठ केली नाही, की तोंडही केलं नाही.

चिमणी त्यानंतर दोन वर्षं खेळली. कप पुन्हा मिळाला नाही, एकदा तिसरा नंबर आला. आता ती दुसऱ्या गावी एका शाळेत मुलींना व्हॉलीबॉल शिकवते. रविवारी कधीतरी मावशींना फोन करते. कुणाच्या गुडघ्याला काय लावू, जुने बॉल पुन्हा वापरात कसे आणू, असलं काहीबाही विचारते. आईची खबर सांगते. त्या पंचवीस मिनिटांचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

मावशी पुढच्या वर्षी निवृत्त होतील. पोरीने आपल्याला माफ केलं का, हे त्यांना अजून माहीत नाही. विचारायचा धीर होत नाही. रविवार आला की सकाळपासून त्यांचं अर्धं लक्ष फोनकडे असतं, आणि एखाद्या रविवारी फोन आला नाही की भाऊ कितीही समजावो, त्या दिवशी त्यांना जेवण जात नाही.